आत्याच्या लग्नातल्या अक्षता आणि २९५ डॉलरचं सॉफ्टवेअर

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. घरात जुनी ८ एमएमची रिळं असतील, ती नीट स्कॅन करून झाली असतील, कॉम्प्युटरला बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड असेल आणि एकेक शॉट बघत बसायची तयारी असेल, तर धूळ आणि डाग काढायला दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्या, पैसे वसूल आहेत. यातलं एखादं नसेल तर विचार करा. शेवटचं नसेल तर मात्र अजिबात घेऊ नका, कारण बटण दाबलं आणि फिल्म लख्ख झाली असं होत नाही. म्हणजे होतं तसं, पण धुळीबरोबर अजून काय काय गेलं ते नंतर कुणीतरी दाखवून देतं. आणि उभ्या ओरखड्यांसाठी घेत असाल तर थांबा, ते काम एक फुकटचं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) जास्त चांगलं करतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आमच्याकडचा माल असा होता. थोरल्या काकांना कॅमेऱ्याची हौस, सत्तरच्या दशकात जर्मनीहून येताना त्यांनी सुपर ८चा कॅमेरा आणला, आणि त्याच्या आधीचा एक जुना साधा ८चा पण होता कुणाकडून तरी घेतलेला. आत्याचं लग्न, गणपती, कोकणातलं घर, अंगणात पोरांची क्रिकेट, कुठल्यातरी धरणावरची ट्रिप. बरीच रिळं कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, त्यांचे रंग अजून असे आहेत की विश्वास बसत नाही, आणि काही ओर्वो कंपनीची ब्लॅक अँड व्हाइट. सगळी एका पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर. दर दिवाळीला भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टर चालवायचे, त्यामुळे आवडती रिळं सगळ्यात जास्त खराब आणि धरणाची ट्रिप एकदम नवीकोरी, कारण ती कुणालाच परत बघायची नव्हती.

सुपर ८चं एक ५० फुटी रीळ म्हणजे ३६०० फ्रेम, सेकंदाला १८ फ्रेमच्या स्पीडने ३ मिनिटं २० सेकंद, एवढंच. पण एकेका फ्रेमची रुंदी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, त्यावर साधा कापसाचा तंतू बसला तरी पडद्यावर तो दोरखंड दिसतो. ३५ एमएमच्या सिनेमावर तेवढाच तंतू फारसा जाणवणार नाही. घरगुती फिल्म जास्त घाण दिसतात त्यामागे हे निम्मं कारण आहे, उरलेलं निम्मं म्हणजे आपले माळे.

आता स्कॅनबद्दल, कारण इथेच खरा खेळ होतो आणि सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू लिहिणारे हे कधीच सांगत नाहीत. आमच्याकडे आधीची एक डीव्हीडी होती, शहरातल्याच एका दुकानातून कधीतरी करून आणलेली, नाव घेत नाही. त्यांनी प्रोजेक्टर पडद्यावर चालवून समोरून व्हिडिओ कॅमेऱ्याने शूट केलं होतं. त्यावर कुठलाही धूळ काढायचा फिल्टर लावा, ढिम्म. कारण असं आहे की ही सगळी सॉफ्टवेअरं एकाच गोष्टीवर चालतात, धुळीचा कण हा फिल्मच्या फक्त एका फ्रेमवर असतो, आधीच्या फ्रेमवर नसतो आणि पुढच्यावरही नसतो. १८ फ्रेमचं २५ फ्रेममध्ये असं ओबडधोबड रूपांतर केलं की दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात, एकच कण दोन-तीन व्हिडिओ फ्रेमवर फिका फिका पसरतो, आणि सॉफ्टवेअरला वाटतं की ही खरीच वस्तू आहे, भिंतीवरचा डाग असेल. त्यामुळे परत स्कॅन करून घेतलं, दुसरीकडे, आणि या वेळी आधीच बजावून सांगितलं की फिल्मची एक फ्रेम म्हणजे फाइलमधली एकच फ्रेम पाहिजे, शार्पनिंग नको, तुमचं 'क्लीनिंग' नको, एमपी४ नको, प्रोरेझ (एडिटिंगसाठीची, कमी दाबलेली फाइल) द्या. फाइली अवाढव्य येतात, एक वेगळी हार्ड डिस्क लागते, पण दुसरा इलाज नाही. तुमच्याकडे डीव्हीडीच असेल आणि रिळं टाकून दिली असतील तर हा रिव्ह्यू तुमच्या फारसा कामाचा नाही, सॉरी.

अजून एक, स्कॅन करणाऱ्याला विचारा की फिल्म आधी पुसता का. कारण वरवर बसलेली धूळ मऊ कापडाने आणि फिल्म क्लीनरने हातानेच निघते, आणि हाताने निघालेल्या धुळीसारखी स्वच्छ धूळ कुठलंच सॉफ्टवेअर काढत नाही. आमच्या रिळांचा पुसून झाल्यावरचा आणि आधीचा तुकडा शेजारी शेजारी बघितला तेव्हा मला वाटलं झालंच की काम, कशाला पैसे घालवायचे. पण मग मोठ्या टीव्हीवर लावलं.

उरतं ते असं. आपली घरगुती फिल्म रिव्हर्सल असते, म्हणजे कॅमेऱ्यात गेली तीच धुऊन परत आली, वेगळी निगेटिव्ह नाही. त्यामुळे तिच्यावर बसलेला कण प्रकाश अडवतो आणि काळा दिसतो. सिनेमाच्या प्रिंटवर जे पांढरे ठिपके चमकतात ते बहुतेक निगेटिव्हवरच्या धुळीचे, ते आपल्याकडे नसतात. ओरखड्यांचं वेगळं, फिल्मच्या पाठीवर म्हणजे नुसत्या प्लास्टिकवर पडले तर काळपट रेघ दिसते, आणि रंगाच्या बाजूला पडले तर रंगीत. कोडॅक्रोममध्ये सगळ्यात वर पिवळ्या रंगाचा थर असतो, तो खरवडला गेला की रेघ निळी दिसते, अजून खोल गेली की आकाशी, आणि पार तळापर्यंत गेली की पांढरीफक्क. आमच्या गणपतीच्या रिळावर तिन्ही प्रकार आहेत, प्रोजेक्टरच्या गेटमध्ये एक वाळूचा खडा अडकला असणार आणि तो अख्खा गणपती संपेपर्यंत तिथेच बसून होता.

तर दाविंची रिझॉल्व्ह. फुकटची आवृत्ती आहे आणि ती खरंच भरपूर देते, कापाकापी, रंग, थरथर कमी करणं, सीन कुठे बदलतो ते आपोआप शोधणं, सगळं फुकट. पण धूळ काढायचे जे इफेक्ट आहेत, ऑटोमॅटिक डर्ट रिमूव्हल, डस्ट बस्टर, डीफ्लिकर वगैरे, ते स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीत. फुकटच्या आवृत्तीत लावून बघता येतात, चित्रावर मोठा वॉटरमार्क येतो. हे मला उलट सोयीचं वाटलं, आपल्या रिळावर फरक पडतो का ते आधी बघून घ्या, मगच पैसे द्या. किंमत २९५ डॉलर, आपल्याकडे डीलरकडून घेतलं तर रुपयात आणि वर जीएसटी. एकदाच भरायचे, दर महिन्याला खात्यातून कापले जात नाहीत, एक लायसन्स दोन कॉम्प्युटरवर चालतं. आजच्या काळात एवढ्यासाठीच मी अर्धा स्टार जास्त दिला असता.

ऑटोमॅटिक डर्ट रिमूव्हल लावायला सोपं आहे. इफेक्ट क्लिपच्या नोडवर (रिझॉल्व्हमध्ये एकेक दुरुस्ती ठेवायचा चौकोन) ओढून टाकायचा, मग उजवीकडे स्लायडर येतात. आजूबाजूच्या किती फ्रेम बघायच्या, हालचालीचा अंदाज भरभर घ्यायचा का नीट, दुरुस्ती किती जोरात करायची, केवढ्या आकाराचे कण धरायचे. सगळ्यात कामाची चीज म्हणजे दुरुस्तीचा मास्क दाखवायची खूण, ती टिक केली की मूळ चित्र जातं आणि सॉफ्टवेअर नेमकं कुठे कुठे हात लावतंय तेवढंच दिसतं. माझा सल्ला, स्लायडर हलवताना चित्राकडे बघूच नका, मास्ककडे बघा. चित्र बघून सगळं छानच वाटतं. मास्कमध्ये ठिपके आणि तंतू दिसले तर ठीक, पण माणसांच्या हाताच्या कडा, साडीचा काठ, चष्म्याची काडी दिसायला लागली की समजायचं आता हे धुळीच्या पलीकडे गेलंय, मागे या.

आणि काम खरोखर चांगलं करतं, ते मान्य केलंच पाहिजे. कोकणातल्या घराचे शॉट, कॅमेरा हळूहळू फिरतोय, माड, अंगण, आजी तुळशीला पाणी घालतेय, तिथे शेकड्यांनी काळे ठिपके होते, ते असे गेले की खाली काय होतं ते शोधूनही सापडत नाही. आधीच्या आणि पुढच्या फ्रेममधला तोच भाग, हालचालीप्रमाणे सरकवून, बरोब्बर बसवतो. तुळशीच्या कट्ट्यावरची रांगोळी मला त्याआधी कधी दिसलीच नव्हती. धरणाची ट्रिप तर बघायलाच नको, सगळीच्या सगळी एका सेटिंगवर, रात्री लावून झोपले, सकाळी तयार.

मग आत्याचं लग्न.

आत्या सध्या आमच्याकडेच आहे, तिला म्हटलं ये बघ, तुझं लग्न कसं चकाचक केलंय. ती चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढून बसली. वरात, मुंडावळ्या, मामा, अंतरपाट, सगळं बघत बघत नावं सांगत होती, हा वारला, ही अमेरिकेला, हा आपल्याशी बोलत नाही. मंगलाष्टकं चाललीयेत, भटजींचं तोंड हलतंय, मुका सिनेमा, सगळ्यांचे हात वर जातायत, खाली येतायत, परत वर जातायत. आत्या म्हणाली, "अगं पण अक्षता कुठायत? हे काय नुसते हात हलवतायत सगळे, आरती ओवाळल्यासारखे?"

खरंच एकही अक्षत नव्हती. तांदळाचा दाणा, हवेत, १८च्या स्पीडला, एका फ्रेममध्ये इथे आणि पुढच्या फ्रेममध्ये हातभर लांब. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बारीक, एकाच फ्रेमवर, शेजारच्या फ्रेममध्ये त्या जागी काहीच नाही, म्हणजे धूळ. अख्ख्या मांडवाने टाकलेल्या अक्षता त्याने एकेक करून वेचून काढल्या, आणि इतक्या सफाईने की हातांना धक्का नाही. मास्क लावून बघितला तर लग्नघटिकेला मास्कमध्ये नुसता पाऊस पडत होता.

हा दोष या एका सॉफ्टवेअरचा नाही हे मुद्दाम सांगते, काळाच्या आगेमागे बघून धूळ ओळखणाऱ्या सगळ्याच फिल्टरचं हे असंच आहे, फुकटचे असोत का लाखाचे. जे क्षणभर दिसतं ते घाण, हा त्यांचा नियम. त्यामुळे आपल्याकडच्या फिल्ममध्ये काय काय धोक्यात येतं ते बघा. गुलालाचे कण. फुलबाजीच्या ठिणग्या. क्रिकेटचा बॉल, आमच्या अंगणातल्या क्रिकेटमध्ये बोलर हात फिरवतो आणि बॅट्समन शून्याला फटका मारतो. पाऊस अर्थातच. मिरवणुकीतल्या झांजेवर चमकलेलं ऊन. आणि ढोलाचं टिपरू, ते इतक्या जोरात फिरतं की त्याचं टोक एका फ्रेमपुरतं गायब होतं आणि वादक अर्ध्या टिपरूने ढोल बडवतोय असं दिसतं. परदेशातल्या लोकांनी केलेले डेमो व्हिडिओ बघाल तर त्यात बागेत बसलेली बाई आणि ट्रेन असते, आपल्या घरच्या समारंभांत अर्धा वेळ हवेत काहीतरी उडतच असतं!

इलाज आहे, फक्त वेळ खातो. आधी सीन शोधायचं साधन वापरून रिळाचे शॉट वेगळे करायचे, हे तसंही करावंच लागतं, कारण शॉटच्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमला एकच शेजारी असतो, दुसरा शेजारी भलत्याच सीनचा, तिथे फिल्टर गोंधळतो. मग ज्या शॉटमध्ये काही उडतंय तिथे इफेक्ट वेगळ्या नोडवर ठेवायचा आणि त्या नोडला एक विंडो काढायची, म्हणजे चित्राचा हा एवढाच भाग साफ कर, बाकीच्याला हात लावू नको. लग्नाच्या शॉटला मी खालचा भाग, पाट, जमीन, पायघड्या एवढंच साफ करायला दिलं आणि खांद्याच्या वरचं सगळं सोडलं. कॅमेरा हलत असेल तर विंडोला ट्रॅक करायला सांगायचं, ते तो छान करतो, रिझॉल्व्हचं ट्रॅकिंग हे त्याचं खरं बळ आहे. वरच्या भागातले मोठे मोठे डाग तेवढे हाताने काढायचे.

हाताने काढायचं साधन म्हणजे डस्ट बस्टर. डाग दिसला की त्याच्याभोवती माउसने चौकोन ओढायचा, डाग गेला. कुठल्या दिशेने ओढलं त्यावरून तो आधीच्या फ्रेममधून उसना घ्यायचा का पुढच्या हे ठरतं, आणि नाही जमलं तर उलट दिशेने ओढून बघायचं. हे काम मला मनापासून आवडलं, का ते माहीत नाही. कानाला गाणी लावायची आणि मटार सोलल्यासारखं बसायचं. अक्षता आणि धूळ यातला फरक माणसाला बघताक्षणी कळतो, अक्षत पांढरी, कडेला धूसर, पडत जाणारी; धूळ काळी, धारदार, एका जागी. अर्ध्या सेकंदाचं काम आहे डोळ्याचं. दमवणारं आहे हे खरं, मनगट दुखतं, आणि ३६०० फ्रेमच्या रिळात प्रत्येक फ्रेम बघायची म्हटली तर रविवार गेला. म्हणून मी फक्त चेहऱ्यावरचे आणि मोठे डागच काढले, कोपऱ्यातले बारीकसारीक राहू दिले, चालू पिक्चरमध्ये ते दिसतही नाहीत.

आता ओरखडे. इथे रिझॉल्व्हच्या मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलंय की बऱ्याच फ्रेम एकाच जागी राहणाऱ्या उभ्या ओरखड्यांवर ऑटोमॅटिक डर्ट रिमूव्हल तितकंसं चालत नाही. आणि प्रोजेक्टरने पडलेली उभी रेघ म्हणजे नेमकं तेच, सेकंदच्या सेकंद त्याच जागी, थोडी डावी-उजवीकडे डुलणारी. शेजारच्या फ्रेममध्ये पण रेघच, मग उसनं घेणार काय? पॅच मारायचा इफेक्ट आहे, पण डुलणाऱ्या रेघेवर पॅच बसवत बसणं म्हणजे शिक्षा.

त्यासाठी अ‍ॅव्हीसिंथ. हे व्हिडिओवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पंचवीसेक वर्षं जुनं, आणि त्याला खिडक्या-बटणं काही नाही, नोटपॅडमध्ये चार ओळी लिहायच्या आणि त्या ओळी म्हणजेच तुमचं एडिटिंग. बघून घाबरायला होतं पण ८ एमएमच्या हौशी लोकांनी यात इतकी वर्षं इतकं काम केलंय की तयार स्क्रिप्ट मिळतात, आपण फाइलचं नाव बदलायचं. त्यात डीस्क्रॅच नावाचं प्लगइन आहे, ते फक्त उभ्या रेघा शोधतं. एकाच फ्रेममध्ये बघतं, आगेमागे नाही, डावीकडच्या आणि उजवीकडच्या पिक्सेलपेक्षा वेगळी, बारीक आणि लांब अशी रेघ दिसली की दोन्ही बाजूंचं चित्र मधे ओढून बुजवतं. रुंदी जास्तीत जास्त किती, लांबी कमीत कमी किती, किती तिरकी चालेल, काळ्या रेघा का पांढऱ्या का दोन्ही, हे सगळं सांगता येतं, आणि रंगाच्या चॅनेलवर वेगळं चालवता येतं, आमच्या गणपतीच्या निळ्या रेघा त्यानेच गेल्या. यातही 'मार्क' म्हणून एक पर्याय आहे, तो चालू केला की रेघा काढण्याऐवजी त्यांच्यावर खुणा करून दाखवतो, तो आधी चालवा म्हणजे चालवाच.

कारण यालाही स्वतःची अक्कल नाही. उभं, बारीक आणि लांब म्हणजे ओरखडा. आमच्या जुन्या वाड्याच्या खिडकीचे गज! मार्क लावून बघितलं तर खिडकी पूर्ण रंगलेली, शेजारी विजेचा खांब, आणि मांडवाच्या कनातीच्या पट्ट्या. म्हणजे ज्या भागात रेघ आहे तेवढीच उभी पट्टी कापून तिच्यावरच फिल्टर चालवायचा, बाकी चित्र मूळचं ठेवायचं, हे स्क्रिप्टमध्ये एका ओळीत होतं. खूप रुंद रेघ असेल तर मात्र पुसल्यावर तिथे एक धुरकट पट्टा राहतो, तो लांबून दिसत नाही, जवळून दिसतो. पांढरीफक्क रेघ जिथे आहे तिथे मुळात चित्रच उरलेलं नाही, त्यामुळे कुणीही काहीही काढलं तरी ते अंदाजाने रंगवलेलं असणार.

क्रम महत्त्वाचा आहे. मी असा ठेवला, आधी थरथर कमी करणं, मग उजेडाची लुकलुक काढणं, मग रेघा, मग धूळ, मग हाताने, आणि रंग सगळ्यात शेवटी. चित्र फ्रेमगणिक हलत असेल किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर धुळीच्या फिल्टरला शेजारची फ्रेम वेगळीच वाटते आणि तो नको तिथे हात घालतो. १८चं २५ करायचं असेल तर ते अगदी शेवटी, किंवा करूच नका, आजकालचे टीव्ही चालवतात.

किती साफ करायचं यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. भावाचं म्हणणं, जमतंय तर सगळंच गुळगुळीत करून टाक ना, आजकाल ते एआयवालं असतं. त्याने त्याच्या लॅपटॉपवर तसल्या एका अ‍ॅपमधून लग्नाची क्लिप काढून आणली, धूळ गेली, ग्रेन म्हणजे फिल्मचा मुळातला दाणेदारपणा गेला, आणि आमच्या आजीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच बाईचे डोळे आले. छान डोळे होते, पण आमच्या आजीचे नव्हते. ८ एमएमच्या फ्रेममध्ये लांबून घेतलेला चेहरा म्हणजे ग्रेनचे मोजके दाणे असतात, त्यातून पापण्या काढायच्या तर त्या कल्पनेनेच काढाव्या लागतात. शेजारच्या फ्रेममधून उसनं घेणं वेगळं, तिथे निदान खरं काहीतरी असतं. माझ्यापुरती मी रेघ तिथे ओढलीय. ग्रेन मी ठेवला, दुरुस्तीचा जोर निम्म्याच्या खाली ठेवला. आणि गंमत अशी की याच रिझॉल्व्हमध्ये फिल्म डॅमेज नावाचा इफेक्ट आहे, चांगल्या व्हिडिओवर धूळ आणि ओरखडे टाकायचा. भाच्याने प्री-वेडिंगला तो वापरलाय. एका खोलीत मी काढतेय, दुसऱ्या खोलीत तो टाकतोय.

दुसरे पर्याय थोडक्यात. नीट व्हिडिओ हे प्लगइन मुळात नॉइज काढायचं, त्यात धुळीचा पण एक फिल्टर आहे, बारीक ठिपक्यांवर चांगला, मोठ्या तंतूंवर नाही. अ‍ॅव्हीसिंथमध्येच रिमूव्हडर्ट आहे, फुकट, आणि खरं सांगायचं तर नव्वद टक्के शॉटला रिझॉल्व्हच्या तोडीचं काम करतं, फक्त विंडो, ट्रॅकिंग आणि हाताने पुसणं हे सगळं एका जागी मिळत नाही, मी पैसे त्यासाठी मोजले. डायमंट, फीनिक्स, पीएफक्लीन, एमटीआयचं नोव्हा ही मोठ्या लॅबची सॉफ्टवेअरं, घरच्या रिळांसाठी त्यांचं नाव काढू नका. आपल्या पुण्यातल्याच फिल्म अर्काइव्हच्या नॅशनल फिल्म हेरिटेज मिशनला २०२२ मध्ये सुमारे २२०० सिनेमांच्या रेस्टोरेशनसाठी ३६३ कोटी मंजूर झाले तेव्हा लोकांना आकडा केवढा वाटला होता. दोन तासांच्या एका सिनेमात १,७२,८०० फ्रेम असतात. डस्ट बस्टर हातात धरून एक रीळ संपवा, मग तो आकडा मोठा वाटत नाही.

स्कॅन करतानाच धूळ टाळायच्या दोन युक्त्या आहेत, त्या विचारून ठेवा. एक म्हणजे इन्फ्रारेड, रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि धूळ नसते, त्यामुळे धुळीचा वेगळा नकाशाच मिळतो, अक्षता त्यात येतच नाहीत. पण ब्लॅक अँड व्हाइटला हे चालत नाही, त्यातली चांदीच इन्फ्रारेड अडवते, म्हणजे आमची ओर्वो बाद, आणि कोडॅक्रोम पण याला नीट दाद देत नाही, म्हणजे आमची तर सगळीच बाद. दुसरी वेट गेट, फिल्म द्रवात बुडवून स्कॅन करतात, द्रव पाठीवरच्या ओरखड्यात भरतो आणि प्रकाश सरळ जातो, रेघ दिसतच नाही. रंगाच्या बाजूचा ओरखडा मात्र त्यानेही भरून येत नाही, जो रंग गेला तो गेला. ८ एमएमला ही सोय सगळीकडे नसते आणि असेल तिथे दर चढे असतात.

शेवटी एक रीळ उरलंय, कोकणातल्या घराचं दुसरं, ते तिथेच कपाटात पडून होतं. त्याला बुरशी आहे. प्रत्येक फ्रेमवर वेगळं कोळ्याचं जाळं, काही ठिकाणी अख्खी फ्रेम भरून, आधीची पण, पुढची पण. ऑटोमॅटिक डर्ट रिमूव्हल लावून बघितलं, तो एका जाळ्यावर दुसऱ्या फ्रेमचं जाळं नेऊन ठेवतो, दुसरं करणार काय बिचारा. जिथे जाळं विरळ आहे ते शॉट निघाले थोडेफार, बाकीचं जसं आहे तसं ठेवलंय. त्यात आजोबा विहिरीवर रहाट ओढताना आहेत, जाळ्यातून दिसतात. आत्याला ते चालतं म्हणाली, फक्त तिच्या लग्नातल्या वरच्या अर्ध्या चित्राला परत हात लावायचा नाही अशी अट आहे.